व्हरांड्यातली परीक्षा

आदिलाबादच्या दवाखान्यात फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या पोरांची चालण्याची चाचणी तिथले एक मदतनीस गृहस्थ घेतात. मूल व्हरांड्यात आपल्या चालीनं चालतं आणि दम लागला की थांबतं. ते कुठे थांबतं, तेच डॉक्टरांना हवं असतं. पण या दयाळू माणसाला ही परीक्षा वाटते, आणि आपल्या हाताखाली कोणी नापास झालेलं त्यांना खपत नाही.

"काऊन थांबून राह्यली बाई? चाल, चाल, पास व्हाचं हाय ना!" असं म्हणत ते माझ्या मुलीला हाताला धरून ओढत नेतात. मग बोटाला चिमटा लावतात. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा कमी आला, की दुसरं बोट. तेही नालायक निघालं, तर तिसरं चोळून गरम करतात. एखादं बोट हुशार निघतंच.

आमच्या मावला गावाहून आम्ही दर खेपेला येतो आणि मुलगी दर खेपेला पास होते. घरी मात्र अंगणातल्या नळापर्यंत जायचं तर तिला मधेच बसावं लागतं. नळाला पास करायची हातोटी नसावी.

परवा डॉक्टरांनी चाचणीचा कागद पाहिला, फक्त कागद. "छान! औषध कमी करू."

मी म्हणालो, "साहेब, तिलाच विचारा."

मुलीनं बोलायला तोंड उघडलं, पण दम पुरेना. ओठ नुसते हलत राहिले.

दारातून गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "थँक्यू म्हणून राह्यली, साहेब."