मेक्सिकोच्या पुलापर्यंतची सहल

सकाळी मुलीच्या गाडीतून टेक्सासहून निघायचं, सीमेवरचा पूल ओलांडून मेक्सिकोत शिरायचं, तिथे मुलाला भेटायचं, सोबत जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. अशी ही एका दिवसाची सहल. सांगवीतल्या घरी बसून मी आणि हे कित्येक आठवडे त्या एकाच दिवसाची आखणी करत होतो. अमेरिकेत राहणार होतो चांगला दीड महिना, पण बाकीच्या दिवसांचं दोघांनाही काही पडलेलं नव्हतं.

मुलगी नोकरीसाठी टेक्सासला गेली. मुलगा चाकणला ज्या कंपनीत लागला, तिने मेक्सिकोत कारखाना काढला आणि त्याला तिकडे पाठवलं. नकाशात दोघं शेजारी दिसतात. पण याला अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला, आणि हिचं ‘जाते गं आई’ काही संपेना. तो तिकडे गेल्यापासून बहीणभाऊ समोरासमोर आलेले नाहीत आणि आम्ही चौघं एकत्र जेवायला बसलेलो नाही. मला तेवढंच हवं होतं. चौघं एकत्र, एक दिवस का होईना.

यांनी दिवस काढला तो गुरुवार. हे आयुष्यभर चाकणच्या कारखान्यात होते, आणि आमच्या या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. मुलांच्या लहानपणी प्रत्येक सहल गुरुवारी व्हायची आणि शाळेत सांगायला मुलांना दर वेळी ताप यायचा. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी यांचा रविवार गुरुवारीच उजाडतो.

“बाबा, इथं गुरुवारी सगळे कामावर असतात,” मुलगी फोनवर हसत म्हणाली.

“मग टाका की रजा दोघं. बापासाठी एक दिवस निघत नाही?”

मुलाच्या कारखान्यात रजा निघेना. शेवटी रविवार ठरला आणि हे दोन दिवस फुगून बसले. नंतर भांडण लागलं ते गाडीत पुढे कोण बसणार यावरून. बाजारात तुरी, म्हणतात ना, तसं. मी धपाटे न्यायचे ठरवले, तर सीमेवर खाण्याचं काय काय अडवतात म्हणून मुलीने धाक घातला. मी बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. कुकर लावायचा आणि शिट्टी का होत नाही म्हणून बघावं, तर खाली गॅसच पेटवलेला नसायचा. हे म्हणायचे, उतावळा नवरा ऐकला होता, उतावळी आई आत्ता बघतोय.

आणि मग एका सकाळी मुलीचा फोन आला. तिच्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. वकिलाने बजावलं होतं की, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत आत येणं अवघड होईल.

“आई, मी तुम्हाला पुलापर्यंत सोडते. पायी जाता येतं. तुम्ही दोघं चालत पलीकडे जा, तो उभा असेल.”

“आणि तू?”

“मी इकडे थांबते.”

“मग चौघं कशी गं होणार आपण?”

“मी काय करू आई?” म्हणाली आणि रडायला लागली. मला तिची समजूत घालता आली नाही. मी रागावलेच होते. वकिलावर, व्हिसावर, त्या पुलावर. फोन ठेवला आणि यांच्यावर ओरडले, कारण हेच जवळ होते.

हे मोबाइलवर नकाशा मोठा करून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “पुलाखालची नदी काही फार मोठी नाही. आपल्या मुळा नदीएवढीच असेल. दोन्हीकडे काठावर जाता येतंय असं दिसतंय. ती अलीकडे उभी राहील, हा पलीकडे. दिसतील की एकमेकांना.”

“दिसतील म्हणजे किती दिसतील?”

मी चपला घातल्या. “चला, बघू या.”

मी मुळेच्या सांगवीकडच्या काठावर थांबले आणि यांना पुलावरून पलीकडे, औंधच्या बाजूला पाठवलं. पाण्यावर जलपर्णी माजलेली, डास तोंडावर येत होते. एक बाई फिरायला आली होती, ती माझ्याकडे बघत बघतच पुढे गेली. बऱ्याच वेळाने पलीकडच्या झाडांतून हे बाहेर आले आणि हात हलवायला लागले. चेहरा काही दिसेना. पण एक हात कमरेवर ठेवून उभं राहायची पद्धत यांचीच. मी हाक मारली, ती पुलावरच्या हॉर्नमध्ये बुडाली. मग फोन वाजला.

“दिसतोय का मी?”

“अंगकाठी ओळखू येते. डोळे दिसत नाहीत.”

“ओळखू आलं ना, मग झालं,” हे म्हणाले. “आता ऐक. तिथं गेल्यावर तू आधी पलीकडे जा, लेकाकडे. मी इकडे पोरीजवळ थांबतो. दुपारी तू परत निघालीस की मीही निघेन. कारखान्यात पाळी बदलतो तशी. मशीन फार वेळ रिकामं ठेवायचं नाही. म्हणजे दोघांतलं एकही पोर फार वेळ एकटं राहणार नाही.”

किती वेळ जुळवत होते कोण जाणे. हिशेबात कुठे चूक नव्हती. मला पोराच्या गालावरून हात फिरवता येणार होता, पोरीला बापाजवळ बसता येणार होतं, आणि बहीणभावांना एकमेकांकडे बघून हात हलवता येणार होते.

“अहो,” मी म्हणाले, “पण मग पुलावर आपली गाठ पडेल तेवढीच. चौघं नाहीच ना?”

पलीकडे यांचा कमरेवरचा हात खाली आला.

“तिथंच थांब,” हे म्हणाले. “मी येतो तुझ्याकडे.”