काजळी, नळी आणि महेबूबभाई

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यामागं तिसरा. आमच्या महेबूबभाईंचे तर इतके साचलेत की मी सुरू झालो की घरचे हळूच उठून जातात. तुम्ही बसलात, तर ऐका.

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझं खरादाचं दुकान होतं. पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय कातून द्यायचो. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात महेबूबभाई बसायचे. तंबाखूचे जुने पाइप दुरुस्त करायचे! हसू नका. निजामाच्या काळातले वकील, डॉक्टर, तहसीलदार यांच्याकडं विलायती पाइप असायचे, आणि जुना पाइप आजारी पडतोच. वाटीत काजळी बसते, तोंडात धरायची नळी हिरवट पडते, लाकूड तडकतं. हैदराबादला शिकून आलेला हा एकच डॉक्टर आमच्या भागात. लाकडाचा तुकडा कातायचा असला की ते काम माझ्याकडं.

माणूस महासंशयी. चहावाल्यानं कप ठेवला तरी आधी वास घेणार! मी विचारलं तर मला म्हणायचे, "अप्पा, भरोसा ठेवून कुनाचं भलं झालंय?"

गिऱ्हाइकं मात्र त्यांच्याही वरताण होती.

*

उदगीरचे एक म्हातारे वकील आले. पाइप विलायती, ब्रायरच्या लाकडाचा. महेबूबभाई म्हणाले, "कडू झालाय. रातभर वाटीत स्पिरिट भरून ठेवावं लागंल. उद्या या."

वकिलांनी चष्म्यावरून आमच्या दोघांकडं बघितलं. मग पाइपची नळी काढून खिशात घातली, नुसती वाटी टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी वाटी खिशात गेली आणि नळी टेबलावर आली. "आता ही करा."

महेबूबभाईंना राग आला. "वकीलसाहेब, आमी चोर असलो तरी अर्ध्या पाइपचं काय करनार?"

"तेच तर!" वकील म्हणाले. "म्हणूनच अर्धा ठेवला."

*

मोठ्या दुष्काळाचं साल. टँकर आला की लोक घागरीवर घागर आपटायचे. महेबूबभाईंनी एक घागर मागच्या दारात ठेवली होती. तिच्यातच सगळ्या नळ्या भिजत घालायचे, पाणी बदलणं परवडतच नव्हतं. ती घागर रोज तांब्याभर कमी व्हायला लागली.

"अप्पा, पानी चोरीला जातंय."

"उन्हानं आटत असंल," मी म्हणालो.

"ऊन काय तांब्या घेऊन येतंय?"

आठवड्यानं शेजारचे किराणावाले मन्मथअप्पा घाबरेघुबरे आले. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. म्हणाले, "महेबूबभाई, आमच्या घरात येऊन जरा सांगा. बायको म्हणते, सकाळी तोंड धुऊन आलात की तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो. दोन दिवस झाले, बोलत न्हाई ती!"

महेबूबभाई शांतपणे नळी घासत राहिले. "सांगतो की. पन आधी मला सांगा, तोंड कुठल्या पान्यानं धुता?"

मन्मथअप्पा उभ्या उभ्या पांढरे पडले. आणि बायकोला जाऊन कबूल केलं की होय, मी तंबाखू ओढतो!

*

एकदा एक हवालदार दुकानासमोर थांबला. वास घेतला, आत डोकावला. टेबलावर ओळीनं सात पाइप.

"चिलमी बनवून राहिलात काय? गांजाच्या?"

"न्हाई हो, हे साहेब लोकांचे."

"गांजेवाला असंच म्हणतो." त्यानं साती पाइप फडक्यात बांधले, महेबूबभाईंना सोबत घेतलं आणि ठाण्यात साहेबांच्या टेबलावर गाठोडं सोडलं. मीही मागोमाग गेलो होतो.

साहेबांनी पाइप बघितले. एकावर नजर थांबली. तो त्यांचाच होता. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितला होता, म्हणून दुसऱ्याच्या हातून गुपचूप दुरुस्तीला धाडलेला!

साहेबांनी तो हळूच बाजूला सरकवला. मग हवालदाराला म्हणाले, "सहा परत दे. सातव्याची चौकशी मी घरी करतो."

*

पुढं लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, नव्या जीपा. बदलून आलेला प्रत्येक साहेब दुसऱ्याकडं बघायचा, की हा कोणाचा माणूस! अशातच एक नवा अधिकारी कोरा करकरीत पाइप घेऊन आला. म्हणाला, "हा जुना करून द्या. वडिलांचा वाटला पाहिजे. नळीवर दातांच्या खुणासुद्धा पाहिजेत."

महेबूबभाईंनी चार दिवस वाटी काळवंडवली आणि शेवटी नळी स्वतःच करकचून चावली. आता, महेबूबभाईंचा पुढचा एक दात पडलेला. खुणा उमटल्या, मध्ये फट!

महिन्यानं तो अधिकारी तणतणत आला. मोठ्या साहेबांना त्यानं पाइप दाखवला होता. साहेबांनी नळी उजेडात धरली आणि विचारलं, "वडिलांचा दात पडलेला होता का?"

"होय सर. लहानपणीच."

"असं? मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. बत्तीशी शाबूत होती!"

*

आता एवढा एकच सांगतो.

मुखेडकडून एसटीनं एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, शेतकरी, धोतर-टोपी. मागं त्यांची वहिनी, डोक्यावरून पदर, खाली मान. त्यांनी रुमालातून पाइप काढला.

"हा आमच्या दादाचा. गुरांचे डॉक्टर होते. जाऊन साल झालं. पण वहिनीच्या खोलीतून अजून धूर येतोय. तंबाखूचा!" "कुणीतरी माणूस येतोय तिथं. तुम्हाला म्हणं पाइप बघून कळतं, कुणी ओढला. सांगा. खरं निघालं तर ही आज माहेरी जाईल, माघारी येणार न्हाई."

"मी हजारदा सांगितलं, कुणी येत न्हाई," बाई हळूच म्हणाली.

महेबूबभाईंनी चहा मागवला आणि पाइप घेऊन दारातल्या उजेडात गेले. मीही बघितला. वाटीतली काजळी ओलसर होती. पाइप आठवड्याच्या आत ओढलेला. आणि वाटीचा काठ डावीकडून जळलेला. उजव्या हातानं काडी धरणाऱ्याचा काठ उजवीकडं जळतो, हे मलाही इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

"तुमचे दादा डावखुरे होते काय?" महेबूबभाईंनी विचारलं.

"न्हाई. का?"

तेवढ्यात चहा आला. बाईनं हात पुढं करून कप घेतला. डावा हात. तिच्या लक्षात आलं, तसा तिनं कप चटकन उजव्या हातात घेतला.

महेबूबभाईंनी कपाकडं बघितलं. मग बाईकडं. मग बराच वेळ पाइपकडं. ज्यानं सख्ख्या भावाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही, तो माणूस दिराकडं वळून म्हणाला, "सालभर कुनी हात लावला न्हाई याला. काजळी जुनी झाली, हवा दमट झाली, की आपोआप वास सोडती. धुरासारखाच. घरात ठेवला तर येनारच."

"खरं सांगता?"

"चाळीस वर्षं हेच करून राहिलोय, मालक."

दीर बाकावर बसले. टोपी काढून तोंड पुसलं. वहिनीकडं बघायचं धाडस झालं नाही. "चुकलं माझं," एवढंच पुटपुटले आणि मुखेडची गाडी लागली का बघायला बाहेर पडले.

बाई उठली. रुमालात पाइप गुंडाळायला घेतला आणि थांबली. दाराकडं एकदा बघून तिनं पाइप परत टेबलावर ठेवला.

"भाई," ती म्हणाली, "नळी जरा ढिली झालीय. गाडी लागायच्या आत घट्ट करून होईल का?"