पट्टा सोडायच्या आधी

मी शिवम्मा. मूळची उदगीरची, लग्नापासून नांदेडात शिवणकाम करते. बेली डान्सच्या क्लासमधल्या बायांचे घागरे मीच शिवले, आणि मापं घेता घेता एक दिवस स्वतःच नाचायला उभी राहिले. या वयात, असला देह घेऊन! हसायचं तर हसा. सांगायचंय ते माझं न्हाई, लुंबिनीचं.

लुंबिनी मुखेडची, एका खाजगी दवाखान्यात नर्स. नवरा सोडून गेल्यावर ती लेकीला घेऊन इथं नांदेडात आईकडं, चांगुणाबाईकडं आली आणि तिचं बोलणंच बंद झालं. सुकन्या मॅडमनं तिला क्लासला ओढून आणलं. मॅडम लातूरच्या. दर शनिवारी एसटीनं यायच्या आणि पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्हाला शिकवायच्या. तोंडानं लई फटकळ, पण कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना सगळं ठाऊक. वर्षभरानं लुंबिनी अशी नाचायला लागली की आम्ही बाया आपलं सोडून तिलाच बघत बसायचो.

मॅडमचा नियम एकच. नाच झाला की कमरेचा पितळी चकत्यांचा पट्टा तसाच सोडायचा न्हाई. आज इथं ज्याच्यामुळं येता आलं, आधी त्याचं नाव घ्यायचं. लेकरू सांभाळणारी आई, स्कूटीवर सोडणारी मैत्रीण, आपल्या वाटच्या भाकरी थापून ठेवणारी जाऊ. लुंबिनी आईचं नाव घ्यायची, न्हाई तर मॅडमचं.

मागच्या हिवाळ्यात मॅडम नाचता नाचता खाली बसल्या, त्या उठल्याच न्हाईत. डोक्यातली नस फुटली म्हणे. दवाखान्यात त्यांचा पट्टा लुंबिनीनंच सोडला. पुढं मॅडमच्या नवऱ्यानं तो तिलाच दिला, क्लासही तूच चालव म्हणाले.

तिनं तो बांधला आणि तिथून सुरू झालं. लुंबिनी थांबायची, पट्टा थांबायचा न्हाई. ती खांबासारखी उभी आणि कमरेवर चकत्या आपल्या वाजून राहिल्यात. मी म्हणलं, खाली गिरणी चालू हाय, तिच्यानं हलतंय. मग एका शनिवारी लाईट गेली, गिरणी बंद पडली, तरी खुळखुळ चालूच. बाया चपला घालून गेल्या त्या पुन्हा फिरकल्या न्हाईत. चांगुणाबाई लेकीवरच तापल्या, आपण बौद्ध माणसं, आपल्यात भूतबित मानत न्हाईत म्हणाल्या. लुंबिनी म्हणाली, मी तरी कुठं मानते, पण क्लास बंद पडला तर मी पुन्हा पहिल्यासारखी मुकी होईन, त्याचं काय?

उरलो आम्ही दोघीच. गेल्या शनिवारी भर दुपारी ती नाचली, थांबली, आणि पट्टा वाजतच राहिला. ती हात जोडून मॅडमचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणलं, अगं येडे, मॅडमचं नाव आपण कितीदा घेतलंय. त्यांनी घ्यायचं तेच राहिलं! दवाखान्यात तू पट्टा सोडलास, तेव्हा त्यांनी कुठं कुणाचं नाव घेतलं होतं?

 मग मॅडमच्या वतीनं लुंबिनी एकेक नाव घ्यायला लागली. त्यांच्या आईचं, नवऱ्याचं, लातूरच्या मैत्रिणींचं, ज्यांच्याकडं त्या शिकल्या त्या बाईंचं. पट्टा काही ऐकंना. ती दमून माझ्याकडं बघायला लागली. एकदा मापं देताना मॅडम मला बोलल्या होत्या, ही लुंबिनी नसती तर मी इथं यायचं कवाच सोडलं असतं. ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या कमरेवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणलं, "लुंबिनी."

चकत्या थांबल्या. हळूहळू न्हाई, एकदम.

मला हायसं वाटलं. क्लास वाचला म्हणून मी देवाला हात जोडले. वळून बघते तर ती मटकन खाली बसलेली, दोन्ही हातांनी पट्टा हलवून राहिली होती. हलवला की वाजायचा, हात काढला की गप्प.

"कशाला घेतलंस माझं नाव, अक्का," ती म्हणाली. "आता त्या गेल्या की."