कुंडलच्या विहिरीतले बटण

आदरणीय साळवेकर सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या साताऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळेत झाली. वाईहून पदविकेची गुणपत्रिका मिरवत मी गेलो होतो. सरांनी ती न बघताच बाजूला ठेवली आणि एक बिघडलेला बोर्ड हातात दिला. तासाभरात माझी मिजास उतरली. नोकरी मात्र मिळाली.

सहा वर्षांपूर्वी सरांनी कुंडलच्या एका पाणीयोजनेसाठी बॅटरीवरची घंटी बनवली. गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या माणसाने खालचे बटण दाबले की वर घंटी वाजायची. शेजारच्या इंजिनाच्या आवाजात हाक कुठली ऐकू येणार! बॅटरी वाचावी म्हणून बोर्ड थोड्या वेळाने झोपी जाई आणि बटणाने जागा व्हावा, अशी योजना होती. त्या बटणाचे वर्णन प्रोग्रॅममध्ये लिहायचे काम माझे. ते कुठल्या पिनला जोडले आहे, हे मी लिहिले. त्याने झोपलेल्या बोर्डाला उठवायचे, ही ओळ राहिली. तपासताना बोर्ड जागाच होता, घंटी खणखणीत वाजली. सरांनी सही केली.

त्याच वर्षी महादू नावाचा कामगार त्या विहिरीत उतरला आणि खालच्या कोंदट हवेत गुदमरून गेला. त्याला काढायला उतरलेल्यांनी पाहिले, हात बटणावरच होता.

सर मला घेऊन त्याच्या घरी गेले. फौजेतून निवृत्त झालेला त्याचा भाऊ दारातच उभा होता. "माज्या भावानं बटण दाबलं व्हतं. घंटी का वाजली न्हाई?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले. मी त्यांच्या मागे उभा होतो आणि गप्प राहिलो.

परतताना उंब्रजला चहाला थांबलो. "सर, ती ओळ माझी होती."

"माहीत आहे. सही कुणाची आहे? चहा घे. उद्यापासून प्रत्येक बोर्ड झोपवून तपासायचा."

आजही आमच्याकडे तसाच तपासतात. पण त्यानंतर कामे मिळेनाशी झाली. 'साळवेकरांचा बोर्ड' म्हणत लोक नाक मुरडू लागले. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथातल्या परिचयातही समितीने 'सरांच्या हातून घडलेली दुर्दैवी चूक' असे लिहिले आहे. ते वाचून मला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ती चूक माझी होती.

हा लेख छापायला देण्याआधी मी कुंडलला जाऊन महादूच्या भावाला वाचून दाखवला. ऐकून तो म्हणाला, "सर दरवर्सी त्याच्या दिसाला येत्यात. सा वर्सं झाली, आमी त्यास्नी पाणीबी इचारलं न्हाई. आन तुमी आज सांगताय व्हय?"

सरांनी हे कधी बोलून दाखवले नव्हते. साठी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पुढच्या खेपेला त्या घरात त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या येईल, असे भावाने मला दारापर्यंत येऊन सांगितले. मला कुणी पाणी विचारले नाही, आणि ते बरोबरच होते.