चारी स्क्रू आधी सैल

रविवार, ९ जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. त्या क्षणी सुदाम खरात सरांनी माझ्या डब्याचे झाकण उघडले आणि मी आत टेपने चिकटवलेला सर्किट बोर्ड, मला न विचारता, उपटून काढला. आमची ओळख झाली ती अशी.

गच्चीवरची टाकी भरली की बझर वाजवणारे त्या डब्यातले यंत्र मी पोस्टातून निवृत्त झाल्यावर स्वतः केले होते.

"मॅडम, टेपनं कॅलेंडर चिकटवतेत, बोर्ड न्हाई," सर म्हणाले.

"दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, असे आमच्या शाळेतल्या नन शिकवत."

"बराबर शिकवलं. स्क्रू आवळायचं राह्यलं."

सरांची उमेदीची वर्षे जालना एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये, यंत्रांचे कंट्रोल पॅनेल सांभाळण्यात गेली. तिथे जमीनही हादरते. जे नीट बसवले नाही ते पडते, हे ते तिथे शिकले आणि आता दर रविवारी आपल्या घराच्या ओसरीवर टेबल मांडून आम्हा हौशी मंडळींना शिकवतात.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून रिकाम्या बॉलपेनच्या नळीचे चार तुकडे कापून घेतले. बोर्डाला खालून आधार द्यायला हे पाय. मी दोनदा चुकले. एक पाय आखूड पडला तर स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो आणि सोल्डरिंग तडकते, म्हणून दोनदा परत कापले. "चारी स्क्रू आधी सैल लावा, मंग आळीपाळीनं आवळा," सर सांगत होते. मी अर्थातच पहिलाच स्क्रू गच्च आवळला आणि उरलेली भोके जुळेनात. वायरी त्यांनी कनेक्टरने, थोड्या ढिल्या जोडायला लावल्या. "वायरनं वजन उचलायचं न्हाई." शेवटी डबा मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून ते एमआयडीसीच्या खड्ड्यांतून फिरून आले. बझर वाजला. आजही वाजतो. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

केदारखेड्याच्या शाळेतली आपोआप वाजणारी घंटा बंद पडली, तेव्हा सर स्वतः बसने गेले. तिथल्या बाईंनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "तुम्हीच आवळा, बाई. उद्या मी न्हाई इथं." बोर्ड बाईंनीच बसवला.

आता माझी तक्रार. गेल्या रविवारी सरांनी जाहीर केले, "हात थरथरायलेत. स्क्रू भोकात जाईना. पंच्याहत्तरी झाली, आता टेबल बंद."

हे कारण मला मान्य नाही. आमच्या बाबतीत सरांनी स्क्रू ड्रायव्हर कधी हातात घेतला होता? हात आमचेच होते. सरांची नजर आणि जीभ अजून शाबूत आहेत, याची मी साक्षीदार आहे.

सरांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो, मात्र टेबलासह. हा गौरव अंक त्यांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराच्या रविवारी त्यांच्या हाती पडेल. टेबल चालू राहील, असे लेखी उत्तर मला त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत मिळावे. अक्षर थरथरलेले चालेल.