अक्कांच्या पार्टीतली सत्ताविसावी बाई

सन १९३१, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. ठराव काशीयात्रेचा, माणशी बावन्न रुपये, जाऊन-येऊन गाडीभाडं, धर्मशाळा आणि दोन वेळचं जेवण धरून. हजर तिघं: मी, अक्का आणि अक्कांची म्हैस. म्हैस हजर होती हे मुद्दाम लिहितो, कारण अक्का तिची धार काढत होत्या आणि माझ्याशी जे काही बोलल्या ते तिच्याकडे बघून बोलल्या. सोलापुरात काशीला जाऊन आलेली माणसं पुष्कळ सापडतील. पण माणूस घरातून उचलावा, काशी दाखवावी आणि परत त्याच्याच उंबऱ्यावर आणून ठेवावा, ही विद्या साऱ्या शहरात एकट्या अक्कांना येत होती. बाकीचे आम्ही नुसते तिकिटं काढणारे.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. अक्कलकोटकडच्या लिंगायत घरातल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, बाळीवेशीजवळ दोन खोल्या आणि एक अंगण एवढ्या संसाराच्या धनी. कानडीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून साऱ्या पेठेच्या त्या अक्का. मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हा माझं वय बेचाळीस होतं आणि घरात खाणारी तोंडं सात. एका मिलच्या ऑफिसात सोळा वर्षं मी हजेरीपट लिहिला. मंदी आली, ऑफिसातली चार टेबलं कमी झाली, त्यात माझं एक. यात्रा काढायचा धंदा बरा, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी दोनशे हस्तपत्रकं छापून वाटली. तीन गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं लग्नपत्रिका छापता का म्हणून विचारलं. दुसऱ्याला फक्त सासूला पाठवायचं होतं, आणि परतीचं तिकीट काढलंच पाहिजे का, अशी त्याची शंका होती. तिसऱ्यानं दोन तास बसून चहा घेतला आणि सुगी झाल्यावर बघू म्हणाला. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला आकडे येतात, माणसं येत नाहीत. बाळीवेशीतल्या अक्कांकडे जा."

मी रूळ मारलेले कागद घेऊन गेलो. अक्कांनी ते पाहिले. "म्हशीला दाखव. तिला वाळकं खायला आवडतं," त्या म्हणाल्या. मग चरवी उचलून आत जाता जाता त्यांनी अट सांगितली, "एक खेप माझ्यासंगं चल. माझे आता पाय उचलंनात, कुणाच्या तरी हातात द्यायचंच हाय. सगळी माणसं नीट परत आणलीस तर पुढच्या सालापास्नं यात्रेची पार्टी तुझी. न्हाई आणलीस, तर हजेरी लिहायला दुसरी मिल बघ."

माणसं निवडायची अक्कांची रीत अजब होती. पैसे घेऊन कुणी आला तरी त्या लगेच हो म्हणत नसत. आधी त्याच्या घरी जात, स्वयंपाकघरात फतकल मारून बसत आणि तासभर नुसतं बघत. एका वकिलाच्या आईला त्यांनी मोडता घातला, कारण म्हातारीनं तासाभरात तीनदा सुनेकडून पाण्याचा तांब्या मागवून घेतला. "गाडीत हिला पाणी कोण देणार? तू?" असं त्यांनी मला रस्त्यात विचारलं. एका सावकाराचे रोख बावन्न परत केले, कारण त्यानं आमच्यादेखत नोकराचा उद्धार केला. मी म्हटलं, "अक्का, गिऱ्हाईक गेलं." त्या म्हणाल्या, "त्यो इटारसीपर्यंत सगळ्यांना रडवला असता. बावन्न रुपयांत सव्वीस माणसांचं रडणं, लई स्वस्त झालं की."

जायच्या आधी आठ दिवस अक्कांच्या अंगणात आगगाडी यायची. म्हणजे अक्का रांगोळीनं थर्ड क्लासचा डबा काढायच्या. बाकं, खिडक्या, संडास, सगळं मापात. दरवाजाच्या जागी दोन घागरी. मग करकंब, माळशिरस, कुंभारी अशा गावांहून आलेली मंडळी डोक्यावर गाठोडी घेऊन घागरींमधून आत शिरायची तालीम करायची. अक्का ओट्यावर उभ्या राहून तोंडानं शिट्टी वाजवत. जो चढला नाही तो मागं राहिला. एक आजोबा पहिल्या दिवशी रांगोळीच्या बाकावर बसले ते उठेनात, "काशी आली म्हंजे उठतो," म्हणाले. पेठेतली पोरं कौलांवर बसून हे बघत. तालमीचा शेवटचा धडा ठरलेला: "चुकलं, की हाय तितंच बसायचं. हुडकत हिंडायचं न्हाय. हुडकायचं काम माझं." हे त्या प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घेत.

आमचं पटेना ते एकाच बाबतीत. मी माणसं मोजत असे. माझ्या कागदावर एक ते सत्तावीस असे आकडे, प्रत्येकापुढं गाव आणि भरलेली रक्कम. अक्का मोजायच्या नाहीत. माणसं मोजली की दृष्ट लागते असं त्या म्हणत. पण खरी गोष्ट अशी, की त्यांना मोजायची गरजच नव्हती. गाडी सुटली की त्या गुळाचा डबा घेऊन डब्यातून फिरत, प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत आणि प्रत्येकाला त्याचाच म्हणून एक प्रश्न विचारत. कुणाला खोकला, कुणाला सुनेचं बाळंतपण, कुणाला आंघोळीच्या वेळी काढून ठेवलेली पाटली. मी म्हटलं, "यात अर्धा तास जातो. मोजायला एक मिनिट पुरतं." अक्का म्हणाल्या, "धनगर मेंढरं मोजतो व्हय? नुसतं बघतो, आन् कुठलं न्हाय ते सांगतो की."

मनमाडला गाडी बदलायची होती. फलाटावर ही गर्दी. अक्का डब्यात शिरून जागा धरत होत्या आणि मी दारात उभा राहून माणसं आत घेत होतो. तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस. शिट्टी झाली. एक कमी. इतक्यात समोर हिरव्या लुगड्यातली, काखेत गाठोडं घेतलेली एक म्हातारी दिसली. मी तिचा दंड धरला आणि वर ओढली. सत्तावीस. आकडा जुळला आणि मी घाम पुसून निवांत बसलो.

अक्कांची गुळाची फेरी सुरू झाली. शेवटी त्या म्हातारीपाशी आल्या आणि थांबल्या. हातातला खडा हातातच राहिला.

"बाई, तू कुणाची?"

"वैजापूरची. भाच्यासंगं नाशकाला निघाले," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या टिकिटबाबूनं बसवलं. लई भला माणूस. दंड तेवढा दुखतोय."

गाडी नाशिककडे पाठ करून धावत होती. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "मागं कोण ऱ्हायलं? नाव काय तिचं?"

मी कागद काढला आणि कुठल्या गावचं माणूस कमी ते विचारून ताळा घातला. "एकोणीस नंबर," मी म्हणालो. "करकंब. बावन्न रुपये पूर्ण."

"मग फलाटावर जाऊन एकोणीस म्हणून हाक मार," अक्का म्हणाल्या. "ओ देती का बघ."

नांदगावला मी त्या वैजापूरच्या बाईंना घेऊन उतरलो. अक्का सगळ्यांना घेऊन भुसावळला थांबणार होत्या. परतीच्या गाडीत मी जन्मात केला नाही असा हिशेब केला. करकंबच्या त्या बाईंचा मुलगा सोलापूर स्टेशनवर माझे पाय धरून म्हणाला होता, "आईला तेवढं जपा." त्या मुलाचा चेहरा मला आठवत होता. आईचा काही केल्या आठवेना. हिरवं लुगडं, एवढंच. पुढच्या साली पार्टी माझी होण्याचं तर सोडाच, सोलापुरात तोंड कुठल्या गल्लीतून न्यायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

मनमाडला उतरताच वैजापूरकर भाच्यानं माझी गचांडी धरली. माझी आत्या पळवली, म्हणून तो स्टेशनमास्तरांना साक्षीला बोलावत होता. आत्याच मधे पडली. "सोड त्याला. माणूस चांगला हाय, नुसता डोळ्यानं अधू दिसतो."

मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. हाक काय मारायची हेच कळत नव्हतं. शेवटी "करकंबच्या आजी" अशी हाक घातली. पाण्याच्या टाकीखालून आवाज आला, "हितं हाय की मी. कवाधरनं बसलीया."

बाई गाठोड्यावर मांडी घालून बसल्या होत्या. गाडी सुटताना त्या टाकीवर तांब्या भरत होत्या. गाडी गेलेली पाहिली आणि तिथंच बसल्या. रडल्या असाव्यात, पण डोळे पुसून झाले होते. "अक्कानं सांगितलं हुतं, चुकलं की बसायचं. एक हमाल उठ म्हणत हुता, मी उठले न्हाय. तुमी कशाला आलासा? अक्का याची हुती की."

पुढची गाडी पाच तासांनी होती. पाच तास आम्ही त्या टाकीखाली बसलो. त्यांचं नाव सुंदराबाई. बावन्न रुपये जमवायला त्यांनी दोन वर्षांत अकरा शेळ्या विकल्या होत्या. शेवटची विकताना ती बाजारातून दोनदा पळून घरी आली, हे सांगताना त्या हसल्या आणि मग पदरानं तांब्या पुसत बसल्या. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते. आणि पाय भिंतीला टेकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. आदली रात्रभर त्या गाडीत जाग्याच होत्या, कारण मी त्यांना मधल्या बाकावर बसवलं होतं. एकोणीसचा आकडा तिथं येत होता.

भुसावळला पोचलो तेव्हा अक्का धर्मशाळेच्या दारातच उभ्या होत्या. सुंदराबाईंना त्यांनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते निराळंच. "अक्का, यांना भिंतीकडची जागा पाहिजे. पाय टेकल्याशिवाय झोप येत नाही यांना. आणि भाजी वांग्याची असेल तर यांच्यापुरतं पिठलं टाकायला सांगतो."

अक्का आत गेल्या. कोपऱ्यात भिंतीला लागून त्यांची स्वतःची पथारी होती, ती त्यांनी ओढून मधे आणली आणि तिथं सुंदराबाईंची घातली. दुसऱ्या दिवशी गाडी सुटली तेव्हा गुळाचा डबा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी उठलो. त्या दिवशी मला तासभर लागला.

पुढच्या साली पार्टी माझी झाली. त्यांचा वाटा म्हणून रुपयात दोन आणे मी काढून ठेवले आणि घेऊन गेलो. अक्का म्हणाल्या, "मला कशाला? एका बाईची जागा दर साली सोड. जिला पैसं जमत न्हाईत ती." मी म्हटलं, कोण ते तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "तू स्वयंपाकघरात बसून बघ की." पुढं चार वर्षं त्या स्टेशनवर पोचवायला येत राहिल्या, गाडीच्या चार तास आधी. मग त्यांचं येणं थांबलं. अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. अंगणात रांगोळीचा डबा मी काढतो, पण मला शिट्टी नीट येत नाही. पोरं कौलांवरून वाजवतात.

या साली गाडीभाडं धरून माणशी चोपन्न रुपये पडले. एका जागेचे चोपन्न कुंभारीच्या काशीबाईंच्या नावे खर्ची टाकले. त्या सूत काततात, डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना मी डबाभर माणसं उजवीकडे येतील अशा बेतानं बसवलं आहे.