वांगी धुळ्याला गेली

आमची ओळख एका चर्चासत्रात झाली. विषय होता क्वांटम सिद्धांत. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. उरलेल्या वेळात प्रमुख पाहुण्यांनी जाहीर केलं, की माणसाच्या चेतनेनं पाहिल्याशिवाय जग अस्तित्वातच येत नाही. माझ्या शेजारी धुळ्याचे एक प्राध्यापक बसले होते. ते समोर बघतच म्हणाले, "म्हणजे आपण सगळ्यांनी डोळे मिटले तर भाषण थांबेल का, मॅडम?"

मला हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करत बाहेर यावं लागलं. दोन मिनिटांनी तेही खोकत आले.

मी जळगावात तोच विषय शिकवते. पुढे आम्ही रविवारी एरंडोलला चहाला भेटू लागलो. एरंडोल मला जवळ, त्यांना बरंच लांब. हा हिशोब त्यांनी कधी काढला नाही, आणि तेवढ्यावरच मी निम्मी घसरले. त्यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा मात्र मी उत्तर दिलं नाही. माझी खोली, माझा पगार, घरी केव्हा येतेस असं कोणी न विचारणं, हे सोडवत नव्हतं. आणि रविवारही सोडवत नव्हते. होय आणि नाही, दोन्ही माझ्यात सुखानं नांदत होती. इलेक्ट्रॉन असं वागला तर त्याचं कौतुक होतं. चौतिशीच्या बाईला अडून बसली म्हणतात.

चहाच्या टेबलावर आम्ही भांडायचो तेही याच विषयावरून. इलेक्ट्रॉनला एकाच वेळी दोन अवस्थांत राहणं जमतं, ते कपबशीला का जमत नाही? कारण कपबशी कधी एकटी नसते. हवेचे कण तिला आपटतात, उजेड तिच्यावरून उसळतो, आणि जो तो तिची खबर घेऊन पसरतो. एकाच खबरीच्या असंख्य नकला होतात. तुमच्या हाती एक येते, माझ्या हाती दुसरी, दोन्ही जुळतात. या एकमताला आपण वास्तव म्हणतो. चेतनेची गरज नाही, आजूबाजूचा परिसर पुरतो, अगदी धूळही. आणि एकदा खबर फुटली, की ती गोळा करून परत आणता येत नाही.

हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. तरी त्या हिवाळ्यात माझ्या वडिलांनी, आबांनी, सावद्याच्या शेतातून भरिताची वांगी पाठवली, तेव्हा त्यातली पिशवीभर मी एरंडोलला नेली आणि म्हणाले, "सर, आईंना द्या."

आमच्याकडे वांगी नात्यानं प्रवास करतात. लेकीकडे जातात, व्याह्यांकडे जातात. उगाच कुठे जात नाहीत. हे मला माहीत होतं. मला वाटलं, मी भाजी देतेय.

त्यांच्या आईंनी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. वास गल्लीभर गेला आणि वासामागून गल्ली आली. वांगी कुठली, असं कोणीतरी विचारलं. आई एवढंच म्हणाल्या, सावद्याकडची. त्यांचं सावद्यात कोणी नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या कापड दुकानदारांचे साडू सावद्याचे. बाकीचं फोननं केलं.

सोमवारी आबांचा फोन. एरवी ते केळीच्या भावावर बोलतात. आज म्हणाले, "धुळ्याच्या लोकांना वांगी आवडली म्हणे."

मी केळीचा भाव विचारला.

"मांडवाला केळीचे खांब लागतील. आत्ताच सांग, म्हणजे राखून ठेवतो."

मी उद्या सांगते म्हणाले आणि स्टाफरूमच्या जिन्यात जाऊन धुळ्याला फोन लावला. तिकडे तेच. गल्लीतल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी अभिनंदन केलं होतं आणि तिघांचा तपशील तंतोतंत जुळत होता. त्यांनी आईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, "बठ्ठास्ले माहीत शे. तुलेच माहीत नही का?" म्हणजे सगळ्यांना ठाऊक, एका मुलाला सोडून.

"मॅडम," ते म्हणाले, "परिसरानं आपलं काम केलं."

"अर्धं केलं," मी म्हणाले. हे मी मुलांनाही बजावून सांगते. परिसर तुम्हाला अधांतरी राहू देत नाही. ज्या अवस्थांच्या त्याला नकला काढता येतात तेवढ्याच तो टिकू देतो. एरंडोलचा निवांत चहा त्यात बसत नाही. गावाजवळ दोनच शब्द, ठरलं किंवा मोडलं. पण त्या दोहोंतलं कोणतं, ते परिसर सांगत नाही.

त्यांनी फार हळू विचारलं, "मग कोणतं?"

मी माझ्यातल्या 'नाही'चा शोध घेतला. खरंच घेतला. रविवारपर्यंत ते होतं; आता जिन्यात उभी राहून एकटीच हसत होते आणि खोकल्याचं सोंगही जमत नव्हतं.

"आबांना सांगते," मी म्हणाले, "खांब राखून ठेवा म्हणून."